चित्रकर्तीचे दप्तर

मुलांनो, रोज सकाळी शाळेत येताना जी पिशवी तुम्ही पाठीवर अडकविता, तिला तुम्ही दप्तर म्हणता. या शब्दाचा जुना अर्थ तुम्हांस ठाऊक आहे काय? पूर्वी दप्तर म्हणजे लिहिलेल्या कागदांचा संग्रह. जमाखर्च, पत्रे, निवाडे, हुकूम असे कागद एकत्र करून ते चौकोनी कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल जतन केलेले आहेत. इतिहासाचा अभ्यासक त्यांतील एखाद्या रुमालाची गाठ सोडतो, मोडी अक्षरे लावून वाचतो, आणि दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा व्यवहार त्याच्यापुढे उभा राहतो.

दप्तर केवळ राजेरजवाड्यांचेच असते असे मात्र नाही. कवीचे, शिक्षकाचे, शेतकऱ्याचे, चित्रकाराचेही दप्तर असू शकते. आज आपण एका चित्रकर्तीच्या कागदांची हकिकत वाचणार आहोत. पण तिच्याकडे जाण्यापूर्वी थोडा वेळ माझ्या बीड जिल्ह्यात थांबू.

अंबाजोगाई हे आमच्या जिल्ह्यातील जुने व पवित्र गाव. तेथे दासोपंत नावाचे संतकवी होऊन गेले. त्यांचा काळ १५५१ ते १६१५ असा मानतात. त्यांनी इतके विपुल लेखन केले, की त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका सांगतात. कागद अपुरा पडला म्हणून म्हणा, की काही वेगळे करावेसे वाटले म्हणून म्हणा, त्यांनी आपले एक प्रकरण चक्क पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाड कापड. कित्येक हात लांबीच्या त्या कापडावर ओळींमागून ओळी लिहिलेल्या आहेत, आणि अवघड तत्त्वज्ञान समजावे म्हणून मध्ये मध्ये आकृत्याही काढलेल्या आहेत. चारशे वर्षे उलटली, तरी ती पासोडी अंबाजोगाईस आहे. ती का टिकली? कापड चिवट होते म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तिची काळजी वाहिली, उन्हापावसापासून, उंदरांपासून व वाळवीपासून तिला वाचविले, म्हणून ती टिकली.

आता एक प्रश्न मनात आणा. दासोपंतांच्या काळी आमच्या गावोगावच्या स्त्रियाही काही कमी बोलत नव्हत्या. पहाटे जात्यावर बसून त्या ओव्या रचीत होत्या, सणावारी भिंती सारवून त्यांवर चित्रे काढीत होत्या. त्या ओव्या कोठे आहेत? ती चित्रे कोठे आहेत? ओव्या वाऱ्यावर गेल्या, आणि चित्रे पुढच्या सारवणाखाली गेली. त्यांना रुमालात बांधणारे कोणी नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांत हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहवून घेतल्या. त्यांत आमच्या माजलगाव तालुक्यातील स्त्रियांच्या ओव्याही आहेत. या संग्राहकांनी कष्ट घेतले नसते, तर जात्याबरोबर त्या ओव्याही मुक्या झाल्या असत्या.

स्त्रियांच्या हातून झालेले काम असे सहज नाहीसे होते. ज्या स्त्रिया शहरात राहिल्या, शिकल्या, ज्यांच्या हाती कागद व रंग आले, त्यांचेही काम नेहमीच टिकले असे नाही. म्हणून ज्यांचे टिकले, त्यांची हकिकत मुद्दाम वाचावयाची.

ललिता लाजमी यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९३२ रोजी कोलकाता येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव पदुकोण. घरची भाषा कोकणी. आई वासंती पदुकोण या शिक्षिका व लेखिका होत्या. पुढे ज्यांचे नाव चित्रपटसृष्टीत अजरामर झाले ते दिग्दर्शक गुरुदत्त हे ललिताबाईंचे थोरले बंधू. घरात कलेची आवड होती, पण पैशाची सुबत्ता नव्हती. अशा घरातील लहान मुलीला नात्यातील बी. बी. बेनेगल यांनी एकदा रंगांची पेटी आणून दिली. बेनेगल हे स्वतः व्यावसायिक चित्रकार होते. मुलीची आवड ओळखून दिलेली ती लहानशी भेट जन्मभर पुरली.

कलाशाळेत राहून पूर्ण वेळ शिक्षण घेण्याची संधी ललिताबाईंना तरुणपणी मिळाली नाही. त्या बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने चित्रकला शिकल्या. मुंबईच्या जहांगीर कला दालनात १९६१ साली त्यांच्या एकटीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. पण त्या काळी चित्रे विकून घर चालविणे कोणालाही कठीण होते, आणि स्त्रीला तर अधिकच. तेव्हा त्यांनी शिक्षिकेची नोकरी पत्करली. मुंबईतील कॅम्पियन स्कूल आणि कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळांत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मुलामुलींना चित्रकला शिकविली.

‘तारे जमीन पर’ हा २००७ सालचा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात अखेरीस शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते. त्या स्पर्धेच्या परीक्षक म्हणून ज्या वृद्ध चित्रकर्ती दिसतात, त्या दुसऱ्या कोणी नसून स्वतः ललिता लाजमी होत. त्यांना त्या भूमिकेसाठी कोणतेही सोंग आणावे लागले नाही. मुलांची चित्रे पाहण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते.

अशा या शिक्षिका वयाची चाळिशी ओलांडल्यावर स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९७३ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. दिवसा शाळेत शिकवावयाचे, संध्याकाळी शिकावयाचे, मधल्या वेळात घरसंसार पाहावयाचा, असा त्यांचा क्रम होता. पुढे घरातील सर्व कामे आटोपली, की रात्री स्वयंपाकघर हीच त्यांची कार्यशाळा होई. दिवसभर जेथे अन्न शिजले, तेथेच रात्री धातूचे पत्रे, शाई व कागद मांडले जात.

मुद्राचित्र म्हणजे काय, ते आता नीट समजून घेऊ. कारण ते समजल्यावाचून या चित्रकर्तीच्या कागदांचे मोल कळावयाचे नाही. रंग व कुंचला घेऊन आपण कागदावर चित्र काढतो, तेव्हा ते एकच असते. मुद्राचित्र प्रथम दुसऱ्या एखाद्या पृष्ठावर, म्हणजे लाकडावर, दगडावर किंवा धातूवर तयार करतात आणि मग त्याचे ठसे कागदावर घेतात. ललिताबाईंनी यांतील ज्या प्रकारात विशेष काम केले, त्याला एचिंग म्हणतात.

एचिंगसाठी जस्ताचा किंवा तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. त्यावर मेण, राळ व डांबर यांसारख्या पदार्थांचा पातळ लेप देतात. आम्लाचा परिणाम होऊ नये हे या लेपाचे काम. लेप वाळला, की अणकुचीदार सुईने त्यावर चित्र काढावयाचे. सुई जेथे जेथे फिरेल, तेथील लेप निघून धातू उघडा पडतो. नंतर तो पत्रा पाणी मिसळलेल्या नायट्रिक आम्लात बुडवितात. लेपाखालचा धातू सुरक्षित राहतो, आणि उघड्या रेषांतील धातू आम्ल खाऊन टाकते. रेषेच्या जागी बारीक खाच पडते. पत्रा आम्लात थोडा वेळ ठेवला तर खाच उथळ होते व रेषा फिकी उमटते. अधिक वेळ ठेवला तर खाच खोल होते व रेषा काळीभोर उमटते. म्हणून या कामात हाताच्या कौशल्याइतकेच घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते. आम्लाच्या वाफा अपायकारक असतात, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवून फार जपून वागावे लागते.

मग लेप पुसून काढतात आणि पत्र्यावर दाट शाई चोळतात. शाई खाचांत भरते. वरची जास्तीची शाई जाळीदार कापडाने हलक्या हाताने पुसून घेतात. आता पृष्ठभाग स्वच्छ असतो, आणि शाई खाचांतच दडलेली असते. यावर ओलसर केलेला जाड कागद ठेवतात, त्यावर लोकरीचा नमदा घालतात, आणि हे सर्व दाबयंत्राच्या दोन रुळांमधून फिरवितात. ओला कागद खाचांत शिरून शाई उचलून घेतो. नमदा दूर करून कागद हळूच एका कोपऱ्याने उचलला, की चित्र दिसू लागते. मात्र ते उलटे असते. पत्र्यावर डावीकडे काढलेली आकृती कागदावर उजवीकडे येते. चित्रकाराला हा उलटेपणा आधीच मनात धरून चित्र काढावे लागते.

पहिलाच ठसा मनासारखा उतरेल असे नाही. एखादी रेषा फिकी असते, एखादी सावली गडद हवी असते. मग पत्र्यावर पुन्हा लेप, पुन्हा सुई, पुन्हा आम्ल. या मधल्या ठशांना चाचणीचे ठसे म्हणतात. समाधान झाले, की ठराविक संख्येने अखेरचे ठसे काढतात, आणि प्रत्येक ठशाखाली चित्रकार पेन्सिलीने आपली सही व क्रमांक घालतो. कागदाखाली ३/१० असे लिहिलेले दिसले, तर ते गणितातील अपूर्णांक समजून सोडवू नका! एकूण दहा ठशांपैकी हा तिसरा, इतकाच त्याचा अर्थ. कागद नीट पाहिला, तर चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोनही दिसतो. कागद खरोखर पत्र्यावर दाबला गेल्याची ती खूण होय.

आता पाहा, अशा चित्रकर्तीच्या दप्तरात किती प्रकारचे कागद जमतात! कच्ची रेखाटने असतात, चाचणीचे ठसे असतात, सहीचे व क्रमांकाचे ठसे असतात. त्यांशिवाय प्रदर्शनांची निमंत्रणे, त्यांच्या सूच्या, वर्तमानपत्रांतील कात्रणे, मित्रांची पत्रे, कागद व शाई यांच्या खर्चाच्या नोंदी असतात. पूर्ण झालेले चित्र आपल्याला कलावंत कोठे पोहोचला ते सांगते. चाचणीचा ठसा तो कोणत्या वाटेने गेला, कोठे अडखळला, कोठे त्याने आपली चूक सुधारली, ते सांगतो. गणिताच्या वहीत तुमचे शिक्षक केवळ उत्तर पाहून गुण देत नाहीत, तुम्ही केलेली रीतही पाहतात. चाचणीचे ठसे म्हणजे चित्रकाराने दाखविलेली रीत होय. आणि खर्चाची साधी नोंदसुद्धा क्षुल्लक नसते. शिक्षिकेच्या पगारातून किती कागद विकत घेता येत होता, हे त्यावरून कळू शकते.

ललिताबाईंच्या चित्रांत काय असे? त्यांत आई आणि मुलगी असत, कुटुंबातील माणसे असत, विदूषक असत, तोंडावर मुखवटा चढविलेले नट असत. त्यांच्या स्त्रिया केवळ शोभेच्या बाहुल्या नाहीत. त्या विचारात पडलेल्या, कधी रागावलेल्या, कधी दुर्गेसारख्या समर्थ अशा आहेत. माणूस आपल्या मनातील दुःख चेहऱ्याआड लपवितो, ही गोष्ट त्या मुखवट्यांतून दिसते. १९६४ साली बंधू गुरुदत्त अकाली गेले. २०१८ साली चित्रपट दिग्दर्शिका असलेली कन्या कल्पना लाजमी हिचाही मृत्यू आईला पाहावा लागला. आयुष्यात असे आघात सोसूनही त्यांनी हातातील काम टाकले नाही.

इतके काम करूनही मोठी कीर्ती त्यांच्या वाट्याला फार उशिरा आली. मुंबईच्या फोर्ट भागात सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेथे २०२३ च्या जानेवारीत ललिताबाईंच्या सगळ्या आयुष्यातील कामाचे प्रदर्शन भरले. तेव्हा त्या नव्वद वर्षांच्या होत्या. सुमेश शर्मा यांनी त्या प्रदर्शनाची मांडणी केली होती. प्रदर्शनाला इंग्रजीत जे नाव दिले होते, त्याचा अर्थ ‘मनाचे कपाट’ असा होतो. किती समर्पक नाव! कपाटात आपण जुन्या वस्तू ठेवतो, काही विसरतो, काही मुद्दाम मागे सारतो. एक दिवस कपाट उघडले, की साठ-साठ वर्षांचे सगळे एकदम पुढे येते.

प्रदर्शन चालू असतानाच, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, ललिता लाजमी यांचे निधन झाले. त्या गेल्या, पण त्यांचे कागद भिंतींवर होते, आणि लोक ते पाहत होते. विचार करा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी स्वयंपाकघरात काढलेले ते ठसे कोणी मधल्या काळात अडगळ म्हणून फेकून दिले असते, तर २०२३ साली भिंतींवर काय लावले असते?

चित्रकर्तीच्या दप्तराची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. अंबिका धुरंधर या प्रसिद्ध चित्रकार रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कन्या. १९१२ साली जन्मलेल्या अंबिकाबाईंनी १९३१ साली सर ज. जी. कलाशाळेची पदविका मिळविली. मुली शाळेतही क्वचितच जात, अशा काळातील ही गोष्ट आहे. त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. २००९ साली त्यांचे निधन झाले. पण त्या काळी चित्रकला शिकणाऱ्या मुलीचे जग कसे होते, ते आज तिच्याच शब्दांत आपणांस वाचावयास मिळते.

दुसऱ्या नसरीन मोहमदी. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीस झाला, आणि १९९० साली आपल्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे समुद्रकाठी त्यांचा मृत्यू झाला. बडोद्याच्या विद्यापीठात त्या चित्रकला शिकवीत. त्यांची चित्रे म्हणजे केवळ सरळ, बारीक रेषा. अखेरच्या वर्षांत शरीरावरील ताबा हळूहळू नाहीसा करणारा विकार जडला असतानाही त्यांनी रेषेचा सरळपणा सोडला नाही. आपल्या चित्रांना त्या सहसा नाव देत नसत, त्यांवर तारीखही घालीत नसत. अशा वेळी त्यांच्या मनात काय चालले होते, हे शोधावयास अभ्यासकांना त्यांच्या रोजनिशा उपयोगी पडल्या. त्या रोजनिशांची पानेसुद्धा शाईच्या पट्ट्यांनी चित्रासारखी झालेली आहेत. माद्रिद व न्यूयॉर्क येथे त्यांच्या चित्रांची जी मोठी प्रदर्शने भरली, त्यांत ही पानेही लोकांनी आदराने पाहिली.

असे हे कागद. पण कागदाचा जीव फार नाजूक असतो. त्याचे शत्रू कोण कोण आहेत, ते पाहू. पहिला शत्रू ओल. ओलीने कागदावर बुरशी धरते व तपकिरी डाग पडतात. दुसरा शत्रू ऊन. उन्हाने रंग उडतो व कागद कडक होतो. तिसरे शत्रू कसर, वाळवी आणि उंदीर. चौथा शत्रू कागदाच्या पोटातच असतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल राहिलेले असते. ते आतल्या आत कागद खात जाते. म्हणून जुने वर्तमानपत्र पिवळे पडते व घडीवर तुटते. याउलट, चिंध्यांपासून हाताने केलेला कागद शेकडो वर्षे टिकतो. आपल्या मराठवाड्यातच, दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद करणाऱ्या कारागिरांवरूनच त्या गावाला हे नाव पडले. पाचवा शत्रू म्हणजे आपण स्वतः. आपण कागदाला टाचणी लावतो, ती गंजते. फाटल्यावर चिकटपट्टी लावतो, तिचा डिंक पिवळा डाग पाडतो. घाईघाईने घडी घालतो, ती घडी कायमची बसते.

म्हणून अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या संस्थेत, काही नियम कसोशीने पाळतात. हात स्वच्छ व कोरडे करूनच कागद उचलतात. चित्र सपाट खणात आडवे ठेवतात. दोन चित्रांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालतात. नोंद शाईने न करता पेन्सिलीने करतात. प्रत्येक कागदाला क्रमांक देतात आणि तो कोणाचा, केव्हाचा, कोठून आला, हे सूचीत लिहितात. सूची नसेल, तर जपलेला कागदही हरविल्यासारखाच असतो. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार १८९१ साली कोलकात्यात सुरू झालेल्या कार्यालयातून वाढले. आपल्या राज्याचेही पुराभिलेख खाते आहे. तेथे ही कामे वर्षानुवर्षे शांतपणे चालू असतात.

मुलांनो, हे सर्व मी तुम्हांस इतक्या आग्रहाने का सांगत आहे, त्याचे एक कारण आहे. ते सांगावयास मला संकोच वाटतो. पण शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

मी मुख्याध्यापक असताना एका उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतील जुने कपाट रिकामे करावयाचे ठरले. नव्या पुस्तकांना जागा हवी होती. रद्दीची यादी माझ्यापुढे आली, आणि मी ती न वाचता तिच्यावर सही केली. रद्दीवाला गाडी भरून घेऊन गेला. दोन दिवसांनी शिपाई कपाट धूत असताना खणाच्या मागे अडकलेला एक कागद त्याला सापडला. तो त्याने मला आणून दिला. त्यावर पेन्सिलीने काढलेले चित्र होते. १९७२ च्या दुष्काळातील खडीचे काम त्यात दाखविले होते. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेल्या बाया दगड फोडीत होत्या, एक लहान मूल सावलीला ठेवलेल्या पाटीजवळ बसून सुकडी खात होते. खाली आमच्या शाळेत फार पूर्वी चित्रकला शिकविणाऱ्या एका बाईंची सही होती, आणि कोपऱ्यात २७ हा आकडा होता.

आकडा २७! म्हणजे आधीचे निदान सव्वीस कागद त्या गाडीत गेले होते. मी दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडे गेलो. तोपर्यंत सर्व माल लगद्याच्या कारखान्याकडे रवाना झाला होता. त्या दुष्काळाची आकडेवारी सरकारी अहवालांत मिळेल. पण आमच्याच गावच्या एका शिक्षिकेने खडीच्या कामावर जाऊन, उन्हात बसून काय पाहिले, ते आता कोणालाही कधीच कळणार नाही. त्या बाई तेव्हा हयात नव्हत्या. क्षमा मागावी, तर तीही कोणाची मागणार? उरलेला तो एक कागद मी आम्लरहित कागदात घालून, पेन्सिलीने नोंद करून, शाळेच्या स्वाधीन केला. एवढेच माझ्या हाती उरले होते.

ललिता लाजमी व आमच्या त्या बाई या दोघीही शिक्षिका. दोघींनीही शाळेचे काम सांभाळून चित्रे काढली. एकीचे कागद राहिले, म्हणून तिचे नाव आज या पाठात आहे. दुसरीचे कागद गेले. त्या चांगल्या चित्रकर्ती होत्या की मध्यम, हे ठरविण्याची संधीसुद्धा आम्ही उरू दिली नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी ट्रंक असेल. तिच्यात आजीची रांगोळीच्या ठिपक्यांची वही असेल, आत्याने काढलेले एखादे चित्र असेल, आईने शाळेत असताना लिहिलेले पत्र असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक उघडली जाईल. तेव्हा तुम्ही जवळ बसा. प्रत्येक कागद कोणाचा, केव्हाचा, ते आजीला विचारा आणि पेन्सिलीने एका वहीत लिहून ठेवा. कोणता कागद पुढे मोलाचा ठरेल, हे आज तुम्हांलाही सांगता येणार नाही, आणि मलाही सांगता येणार नाही. म्हणूनच फेकण्यापूर्वी तो एकदा वाचावा.

आणि उद्या दप्तर पाठीवर घ्याल, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ आठवा. तुमच्या पाठीवरही कागदच आहेत.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ‘दप्तर’ व ‘रुमाल’ या शब्दांचे जुने अर्थ कोणते?
(आ) दासोपंतांची पासोडी इतकी वर्षे का टिकली, असे लेखक म्हणतात?
(इ) चाचणीच्या ठशाची तुलना लेखकांनी गणितातील रीतीशी का केली आहे?

२. एचिंगची कृती क्रमाने आठ वाक्यांत लिहा.

३. ‘पाचवा शत्रू म्हणजे आपण स्वतः’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

४. ‘आकडा २७!’ हे वाचून लेखकांना काय कळून आले? त्यांना हळहळ का वाटली?

५. पुढील शब्द व वाक्प्रचार यांचा वाक्यांत उपयोग करा : अजरामर होणे, नोकरी पत्करणे, समर्पक, क्षुल्लक, काळजी वाहणे.

६. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या हातचा एखादा जुना कागद, वही किंवा चित्र मिळवा. त्याला धक्का न लावता त्याची नोंद करा : कोणाचे, केव्हाचे, कशासाठी, आता कोठे ठेवले आहे. वर्गातील सर्व नोंदींची मिळून एक सूची तयार करा.